मुलाची उंची आणि गावचा उकिरडा

इंदूरहून मोहनखेड्याच्या यात्रेला किंवा मांडवगड बघायला निघालं की धारच्या रस्त्यावर बेटमा लागतं. आपल्यापैकी पुष्कळजणी तिथून गेल्या असतील. गाडी थांबते, चहा होतो, कुणी पोहे-शेव घेतं, आणि गाडी पुढे निघते. बेटमा बघायला म्हणून सहसा कुणी उतरत नाही. तरी इतिहासात या गावाचं नाव आहे. परमार राजा भोजाचा एक ताम्रपट इथे मिळाला. तो संवत १०७६ चा, म्हणजे इसवी सन १०२० चा. कोकण घेतल्याच्या विजयोत्सवात राजाने गाव दान दिलं, त्याची ती नोंद. दुसरी ओळख इथल्या गुरुद्वाऱ्याची. गुरू नानक इथे आले आणि इथलं खारं पाणी गोड झालं, अशी शिखांची श्रद्धा आहे.

विजय राजाचा आणि पाण्याचा चमत्कार संतांचा. पण पाणी खारं की गोड, गढूळ की नितळ, याची रोजची झळ कुणाला लागत होती? जी डोक्यावरून हंडा आणत होती तिला आणि तिच्या कडेवरच्या लेकराला. तिची नोंद ताम्रपटावर होत नाही. तिची नोंद लेकराच्या अंगावर होते, उंचीच्या रूपाने. आज मला त्या नोंदीचा इतिहास सांगायचा आहे.

आधी उंचीचं थोडं समजून घेऊ. अंगणवाडीत मुलाचं वजन करतात तशी उंचीही मोजतात. दोन वर्षांची निरोगी मुलगी साधारण ८६ सेंटिमीटर असते. ८० च्या खाली राहिली, तर तिची वाढ खुंटली असं समजतात. ‘आमच्याकडे सगळे बुटकेच’ असं म्हणून आपण हे उडवून लावतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने ही मोजपट्टी सहा देशांतल्या मुलांवरून बनवली, आणि त्यांत आपल्या दिल्लीतली मुलंही होती. चांगलं खाणं आणि स्वच्छ घर मिळालं की पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची ५० टक्के मुलं खुंटलेली निघाली. २०१९-२१ मध्ये हा आकडा ३५.७ वर आला. महाराष्ट्रानेही फार मान ताठ करू नये. आपला आकडा ४६.३ वरून ३४.४ वर आला आणि पुढच्या पाहणीत ३५.२ झाला. म्हणजे अजूनही तीन मुलांमागे एक.

याचा उकिरड्याशी काय संबंध? मूल सहा महिन्यांचं झालं की रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. अंगणातली माती, गटाराकाठचा खडा, शेणाचा हात, सगळं पोटात जातं. दर वेळी जुलाब होतातच असं नाही. घाणीतले जंतू सतत पोटात जात राहिले की आतड्याचं अस्तर सुजतं. अन्नरस शोषून घेणारे मखमलीसारखे बारीक तंतू झिजून आखूड होतात. मग आई भरवते, मूल खातंही, पण अंगी लागत नाही. जे अंगी लागतं, तेही शरीर जंतूंशी लढण्यात खर्च करतं. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत हे घडलं, तर पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

इंदूरला माझ्या नणंदेचं घर आहे. तिच्या ओळखीने मी बेटम्याच्या एका अंगणवाडीत दुपारभर बसले होते. एक तरुण आई मुलाला उंचीच्या पट्टीशी उभं करत होती. सेविकेने आकडा वहीत लिहिला आणि काही बोलली नाही. आईला कळलं. ती म्हणाली, ‘‘डाळ-भात देते, दूध देते, स्वतः उपाशी राहून देते. सासू म्हणते, तुझ्याच अंगात काही नाही, तर पोराच्या कुठून येणार?’’ तिथल्या बाकीच्या बायका माना खाली घालून बसल्या. असं आपल्यालाही कुणी ना कुणी कधी ऐकवलेलं असतं. म्हणून मला वाटतं, हा इतिहास बायकांना ठाऊक हवा. मूल वाढलं नाही की बोट आईकडे जातं, आणि स्वच्छतेचं शिक्षण म्हटलं की तेही आईलाच. यातलं खरं किती आणि अन्याय किती, ते आता पाहू.

स्वच्छता लोकांच्या गळी कशी उतरवायची, हा प्रश्न आपल्या मुलखात मोठ्या रूपात उभा राहिला तो प्लेगच्या वेळी. १८९७ साली पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले. बायकांची तपासणी, सामानाची फेकाफेक, रोग्यांना उचलून नेणं. लोक रोगापेक्षा तपासणीला भ्याले आणि आजारी माणसं लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला. एकाच साली, एकाच शहरात एक हात दरडावणारा आणि एक हात सेवेचा. स्वच्छतेच्या शिक्षणाचे दोन्ही रस्ते तेव्हाच दिसले होते.

तिसरा रस्ता इंदूरने दाखवला. हे वीस वर्षांनंतरचं, १९१७-१८ च्या सुमाराचं. होळकरांच्या गादीवर तिसरे तुकोजीराव होते आणि शहरात प्लेग होता. दरबाराने स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी बोलावलं होतं. मूळचे ते वनस्पतीशास्त्रज्ञ, आणि पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गेडिस नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडत. हा म्हातारा साहेब आता घरं पाडणार, म्हणून लोक घाबरून बोटं दाखवीत. गेडिसनी ते पाहिलं आणि महाराजांकडे एका दिवसाचं राज्य मागितलं. दिवाळी आली होती. त्यांनी जाहीर केलं की यंदाची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने निघणार नाही. जो मोहल्ला सर्वांत जास्त साफ आणि दुरुस्त होईल त्यातून निघेल.

मग काय, घराघरांतून केर निघाला, भिंतींना चुना लागला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा उंदीर होता. त्यांचं दहन झालं. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. त्या मिरवणुकीत शहर झाडणारे सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घालून मानाने चालले. त्यांच्या गाड्यांना रंग दिला होता. ज्यांची सावली टाळली जायची त्यांना शहराने हार घातले. प्लेग पुढे ओसरला. हवामान बदलल्यानेही तो ओसरतोच, त्यामुळे सगळं श्रेय मिरवणुकीला देता येणार नाही. पण पुण्यात सोल्जरांना जे जमलं नाही ते इंदुरात दिवाळीने करून दाखवलं: लोकांनी आपण होऊन घरं साफ केली. आज इंदूर २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं (शेवटच्या वर्षी सुरतेबरोबर विभागून), तेव्हा मला तो मोहल्ला-मोहल्ल्यांतला जुना चुना आठवतो.

शहराचं हे झालं. खेड्यातल्या आईपर्यंत कोण पोचलं? त्यासाठी आपल्याला जामखेडला यावं लागेल. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, दुष्काळी मुलूख. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथे आलं. त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. आरोळ्यांच्या लक्षात आलं की ही बाळं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून त्यांनी गावागावांतून एकेक बाई निवडायला सांगितली. बहुतेकजणी निरक्षर, पुष्कळजणी दलित, कुणी विधवा, कुणी टाकलेली. दर आठवड्याला जामखेडला यायचं, एक गोष्ट शिकायची, गावात जाऊन ती दहा घरांत सांगायची. जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न. सांडपाण्याला शोषखड्डा, म्हणजे गल्लीत डबकं नको आणि डासही नकोत. बाळाची शी निरुपद्रवी नसते, तीही संडासातच टाकायची.

पाण्याची एक गोष्ट सांगते. त्या काळी विहिरीवर जातीचा पहारा असे. हातपंपासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा पाणी दलितवस्तीत लागेल अशी खटपट आरोळ्यांनी केली. स्वच्छ पाणी हवं असेल तर सगळ्या गावाला तिथे यावं लागणार होतं, आणि गाव आलं. आरोग्याच्या पुस्तकात जातीचा धडा नसतो, पण दूषित विहिरीचं पाणी पिणाऱ्या लेकराच्या आतड्याला तो ठाऊक असतो. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथला बालमृत्यूचा आकडा तीसच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला मात्र जास्त मोलाची वाटते ती गावातली एक निरक्षर बाई. तिने आधी स्वतःचं अंगण सुधारलं आणि मग शेजारणीला सांगितलं. आईला बाहेरून येऊन कुणी सुनावलं नाही. तिच्यातलीच एक शिकली.

आता सरकारी संडासांचा काळ. १९९९ मध्ये केंद्राचं संपूर्ण स्वच्छता अभियान आलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गाडगेबाबा स्वतः खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात बोलत, त्यामुळे हे नाव शोभलंही. २००४ च्या सुमारास त्याच अहमदनगर जिल्ह्यातल्या साठ गावांत एक तुलना झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी गावं निवडली. तिथे माणसं जाऊन गावकऱ्यांशी बोलली: उघड्यावरची घाण माशीच्या पायाने आपल्याच ताटात कशी येते, ते गावातूनच फिरवून दाखवलं. सगळ्यांनी संडास बांधले असं अजिबात झालं नाही. तरी नंतर मुलांची उंची मोजली तेव्हा त्या गावांतली मुलं दुसऱ्या गावांतल्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे एक सेंटिमीटर उंच निघाली. एक सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं. लहान वयातल्या उंचीच्या हिशोबात ते पुष्कळ असतं.

मग असंच बेटम्याच्या शेजारी झालं. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली ऐंशी गावं, २००९ ते २०११. चाळीस गावांत अभियान, चाळीस गावं तशीच. अभियानाच्या गावांत चांगले संडास ४१ टक्के घरांत झाले, दुसरीकडे २२ टक्के. जवळजवळ दुप्पट! पण मुलांचे जुलाब कमी झाले नाहीत आणि उंचीही वाढली नाही. असं का झालं? कारण त्या चाळीस गावांतही चार मोठ्या माणसांपैकी तीन अजून उघड्यावरच जात होती. संडास बांधलेले होते, वापर नव्हता. निम्म्याहून जास्त घरांत तर संडासच नव्हता. समजा एका आईने सगळं शिकून सगळं केलं. तिच्या अंगणात शेजारच्या घरची माशी येणारच. पावसाचं पाणी गावची हागणदारी तिच्या विहिरीपर्यंत आणणारच.

बाहेरच्या देशांतही असंच दिसलं. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथल्या मोठ्या अभ्यासांचे निकाल २०१८-१९ मध्ये आले. घरोघर संडास दिले, हात धुवायची सोय दिली, कुठे पाण्यात औषध टाकलं, आयांना शिकवलं. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण उंची मात्र तिन्ही ठिकाणी वाढली नाही. ती थोडी वाढली ती बाळाच्या खाण्याचं शिक्षण आणि पोषक आहार दिला तिथे. काहीजण यावरून म्हणाले की स्वच्छता शिकवणं फुकट. मला ते पटत नाही. माझ्या बुद्धीला कळतं ते असं की, एका घरापुरती स्वच्छता अर्ध्या रस्त्यात थांबते. गाव सगळं सुधारायला हवं, नळाला पाणी हवं, आईच्या ताटात आणि बाळाच्या वाटीत अन्न हवं. एकट्या आईच्या खांद्यावर हे सगळं टाकलं तर ती हात धूत राहील, आणि बोलणीही खात राहील.

महाराष्ट्राने काही वर्षं हे जमवून दाखवलं होतं. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊंच्या नावाने माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झालं. हजार दिवसांवर भर, अंगणवाडी आणि आरोग्य खातं एका मेजावर, गरोदर बाईची आधीपासून काळजी. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये खुंटलेल्यांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं. २०१२ च्या पाहणीत ते २३ च्या आसपास आलं. या उतारात फक्त अभियानाचा वाटा नव्हता. मुलींचं लग्नाचं वय, शिक्षण, घरची मिळकत, सगळ्यांचा हात होता. नंतर मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा अडकून बसला, ते मी वर सांगितलंच. म्हणजे एकदा मिळवलं की कायमचं मिळालं, असं या कामात होत नाही. घर रोज झाडावं लागतं तसंच आहे हे.

आता आपल्या घरचं बोलते. आपल्याकडे पाणी गाळून पिण्याची चाल किती जुनी! दुपदरी जाड गाळणं, आणि गाळल्यावर राहिलेले जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडायचे, ती जिवाणी. हे आपण जीवदयेसाठी करतो. बांगलादेशात मतलब भागात बायकांना जुन्या साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निकाल आला: कॉलरा सुमारे निम्म्यावर आला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि ते किडे घडीत अडकतात. आपल्या आज्यांना हे ऐकून समाधान वाटलं असतं. पण बाकीचे बरेच जंतू कापडातून आरपार जातात. म्हणून उकळलेल्या पाण्याचा नियम आपल्याकडे आहे तोही पाळायला हवा, आणि बाळाच्या पाण्याला आधी.

साधूंच्या पाच समित्यांमधली पाचवी आपल्याला पाठ आहे, उत्सर्ग समिती. मळ कुठे टाकायचा, तर जिथे कुठल्याही जीवाला इजा होणार नाही अशा जागी, बघून, जपून. डोळ्याला न दिसणाऱ्या जीवाची एवढी काळजी करणारा आपला समाज! मग आपल्या घरची भांडी घासणारी बाई ज्या वस्तीत राहते तिथलं गटार उघडं आहे का, तिथे किती घरांना मिळून एक नळ आहे, तिचं बाळ कुठल्या मातीत रांगतं, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? चातुर्मासात आपली मंडळं दान करतात. कपडे, धान्य, मिठाई, आता स्टीलचे डबे. त्यात चूक काही नाही. पण एका वस्तीचा नळ आणि दहा घरांचे शोषखड्डे यांचा खर्च काढून बघा, एका मोठ्या जेवणावळीत तो कदाचित भागेल. पैसे देऊन मोकळं मात्र होऊ नये. त्या वस्तीतलीच एखादी जाणती बाई पुढे करायची, तिला मानधन द्यायचं, आणि शिकवणं तिच्यावर सोपवायचं. जामखेडने हाच तर धडा दिला.

आणि सासूबाईंसाठीही एक शब्द. नातवंडाची वाढ खुंटलेली दिसली तर सुनेला विचारण्याआधी घराबाहेर या आणि गल्लीचं गटार बघा. पाण्याची टाकी केव्हा धुतली ते विचारा. शेजारचा संडास वापरात आहे का, बंद असेल तर का, ते विचारा. नगर परिषदेत आता बायका निवडून जातात, त्यांना गाठा. सुनेने साबण लावून हात धुवावेत, तुम्हीही धुवावेत, मुलाच्या बापानेही धुवावेत. बाळाची शी उचलायची पाळी त्याच्यावरही यावी. बेटम्याच्या त्या आईच्या सासूला मी भेटले नाही. भेटले असते तर तिला इंदूरची दिवाळी सांगितली असती, आणि पुढच्या दिवाळीत तुमच्या गल्लीतून मिरवणूक काढता येईल का, असं विचारलं असतं.